लिनक्सवर आपल्या सवयीचा डेस्कटॉप आणि ब्राउझर: निवडण्यापासून नव्या मशीनवर नेण्यापर्यंत

डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा तयार संच) बदलला आणि साठवलेले पासवर्ड गायब झाले. अपडेटनंतर फायरफॉक्स उघडला, तर एकही बुकमार्क नाही. मेलमधल्या लिंकवर क्लिक केले, तर काहीच उघडत नाही. लिनक्सवर कोणता डेस्कटॉप (खिडक्या, मेनू आणि सेटिंग्ज पुरवणारा प्रोग्रामसंच) सरस आणि कोणता ब्राउझर भारी यावर जे वाद रंगतात, त्यांत या तक्रारी क्वचित दिसतात. रोजचे काम मात्र यांच्यामुळेच अडते. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: प्रोग्राम कुठून बसवला आणि तो आपल्या सेटिंग्ज कुठे ठेवतो, हे आधी पाहिलेले नसते. म्हणून पुढे प्रत्येक निवडीबरोबर हे दोन प्रश्न येत राहतील.

फाइलींची, कमांडची आणि सेटिंग्जची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; मशीनवर ती रोमन लिपीतच टाइप करायची. नावात 'डॉट' आले की तिथे टिंब समजायचे. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असते. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच एकत्र दाबले की दिसू लागते.

डेस्कटॉप: पेन ड्राइव्हवरून दोन तास

स्क्रीनशॉट पाहून डेस्कटॉप निवडू नये. व्हेन्टॉय हे साधन एकदा पेन ड्राइव्हवर बसवले की त्यावर अनेक डिस्ट्रोंच्या आयएसओ फाइली (अख्ख्या डिस्ट्रोची एका फाइलीतली प्रत) नुसत्या कॉपी करून ठेवता येतात, आणि मशीन सुरू करताना हवी ती निवडता येते. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई आणि सिनॅमन यांच्या चार आयएसओ फाइली त्यात टाका आणि प्रत्येकावर दोन तास खरे काम करा. पेन ड्राइव्हवरून सगळेच मंद चालते, तेव्हा वेगावरून मत बनवू नका. पाहायचे ते हे: झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागे होते का, ब्लूटूथ हेडफोन जोडला जातो का, बाहेरचा मॉनिटर लावल्यावर अक्षरे योग्य आकारात दिसतात का, दोन खिडक्या शेजारी शेजारी बसवायला किती हालचाली लागतात, आणि कीबोर्डची भाषा बदलणे सोपे आहे का.

स्वभाव थोडक्यात सांगायचा तर ग्नोम तुम्हाला त्याच्या पद्धतीने वागायला लावतो. ती पद्धत पटली तर त्याच्याइतका शांत डेस्कटॉप दुसरा नाही. न पटल्यास एक्स्टेंशनच्या मागे धावणे सुरू होते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. प्रत्येक एक्स्टेंशनच्या माहितीत ते कोणत्या आवृत्तीवर चालते याची यादी असते. नवी आवृत्ती त्या यादीत नसेल तर एक्स्टेंशन सुरूच होत नाही. तीन-चार एक्स्टेंशनपर्यंत ठीक. दहा लागत असतील तर तुम्हाला ग्नोम नको आहे, प्लाझ्मा हवा आहे. प्लाझ्मामध्ये जवळपास सगळे मुळातच बदलता येते, आणि तोच त्याचा धोकाही आहे: पहिला आठवडा सेटिंग्जमध्येच जातो. एक्सएफसीई वर्षानुवर्षे तसाच राहतो, ज्यांना बदलाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा गुणच. सिनॅमन लिनक्स मिंटच्या चमूने बनवला आहे. विंडोजवरून आलेल्या माणसाचा हात त्यावर सर्वांत लवकर बसतो.

'कमी मेमरी खाणारा डेस्कटॉप' हा निकष लोक फार ताणतात. हलक्या आणि जड डेस्कटॉपमधला फरक काहीशे एमबीचा असतो, आणि एखादा जड वेब ॲप उघडलेला टॅब तेवढी मेमरी एकटा घेतो. ४ जीबीच्या मशीनवर डेस्कटॉप बदलण्याआधी फायरफॉक्सच्या पत्तापट्टीत 'अबाउट कोलन प्रोसेसेस' लिहून कोणता टॅब किती खातो ते पाहा. क्रोमच्या कुळात शिफ्ट आणि एस्केप दाबले की हीच यादी मिळते.

एका बाबतीत मात्र ठाम राहा: एकाच वापरकर्त्याच्या खात्यात दोन डेस्कटॉप आलटून पालटून वापरू नका. प्लाझ्मा जीटीके या साच्यावर बनलेल्या (ग्नोम, एक्सएफसीईच्या) प्रोग्रामांसाठीची थीम आणि फाँट 'डॉट कॉन्फिग' फोल्डरमधल्या 'जीटीके-३.०' मध्ये लिहून ठेवतो. मग ग्नोम किंवा एक्सएफसीईमध्ये परतल्यावर खिडक्या परक्या दिसू लागतात. पासवर्ड सांभाळणारी तिजोरीही दोघांची वेगळी असते, त्याचे परिणाम पुढे येतील. दुसरा डेस्कटॉप आजमावायचाच असेल तर सेटिंग्जमधून नवा वापरकर्ता तयार करा आणि लॉगिन स्क्रीनवर त्याच्यासाठी वेगळे सेशन निवडा. ग्नोमच्या लॉगिन स्क्रीनवर सेशन निवडण्याचे दातेरी चाकाचे चिन्ह वापरकर्त्याच्या नावावर क्लिक केल्यानंतरच उजव्या कोपऱ्यात दिसते, म्हणून ते अनेकांना सापडत नाही.

ब्राउझर आला कुठून?

एकच फायरफॉक्स तीन रूपांत मिळतो: डिस्ट्रोचे किंवा मोझिलाचे नेहमीचे पॅकेज (उबुंटू-डेबियनकडे डेब, फेडोराकडे आरपीएम), आणि एकाच डिस्ट्रोला बांधलेली नसलेली फ्लॅटपॅक व स्नॅप ही पॅकेजे. दिसायला तिघेही सारखे, वागायला नाहीत. आपल्याकडे कोणता आहे हे कळण्यासाठी पत्तापट्टीत 'अबाउट कोलन सपोर्ट' लिहा आणि 'ॲप्लिकेशन बायनरी' ही ओळ पाहा. पत्त्याची सुरुवात 'स्नॅप'ने असेल तर स्नॅप, 'ॲप'ने असेल तर फ्लॅटपॅक, 'यूएसआर'ने असेल तर नेहमीचे पॅकेज.

फ्लॅटपॅक आणि स्नॅपमध्ये ब्राउझर कुंपणात चालतो. सुरक्षेसाठी हे चांगलेच, पण कुंपण कुठे आडवे येते ते आधी माहीत हवे. स्नॅपला होम फोल्डरमधली लपलेली फोल्डरे दिसत नाहीत, आणि 'टीएमपी' हे तात्पुरते फोल्डर त्याचे स्वतःचे वेगळे असते. म्हणून दुसऱ्या प्रोग्रामने तिथे बनवलेले एचटीएमएल पान उघडायला गेले की 'फाइल सापडली नाही' असे उत्तर येते, फाइल डोळ्यांसमोर असूनही. फ्लॅटपॅकला मुळात डाउनलोड्स फोल्डरपुरतीच मोकळीक असते. बाकीच्या फाइली तुम्ही निवडखिडकीतून दिल्या तरच मिळतात. अधिक फोल्डर खुले करायचे असल्यास फ्लॅटसील हे छोटे ॲप बसवा, त्यात ब्राउझर निवडा आणि 'फाइलसिस्टिम' या भागात त्या एका फोल्डरचा पत्ता घाला. सगळे होम फोल्डर खुले करण्याचा मोह टाळा. तसे केले तर कुंपणाला अर्थच उरत नाही.

सर्वांत जास्त खटका उडतो तो पासवर्ड मॅनेजरशी. कीपासएक्ससीसारखा प्रोग्राम ब्राउझरमधल्या एक्स्टेंशनशी ज्या वाटेने बोलतो, ती वाट म्हणजे ब्राउझरने बाहेरचा एक छोटा प्रोग्राम चालवणे. फ्लॅटपॅकच्या कुंपणात ती बंद असते. एक्स्टेंशन बसते, चिन्ह दिसते, पण जोडणी होतच नाही, आणि माणूस तासभर एक्स्टेंशनच काढून घालत बसतो. कीपासएक्ससी रोज वापरत असाल तर ब्राउझर नेहमीच्या पॅकेजमधूनच घ्या. पासवर्ड मॅनेजर सर्वस्वी एक्स्टेंशनच्या आतच चालत असेल, उदाहरणार्थ बिटवॉर्डन, तर फ्लॅटपॅकने काही बिघडत नाही.

उबुंटूवर हा प्रश्न जास्त टोचतो. २२.०४ या आवृत्तीपासून तिथे टर्मिनलमध्ये 'एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटले (एपीटी म्हणजे पॅकेज बसवणारी कमांड) तरी स्नॅपच येते, कारण त्या नावाचे डेब पॅकेज रिकामे असून ते फक्त स्नॅप बसवते. मोझिलाने स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (पॅकेजांचे कोठार) उपलब्ध केली आहे. ती अशी जोडायची:

१. चालू फायरफॉक्स बंद करा आणि त्याचे प्रोफाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा (कसे ते पुढे आहे).
२. 'ईटीसी' मधल्या 'एपीटी' फोल्डरात 'कीरिंग्ज' फोल्डर नसेल तर बनवा आणि मोझिलाच्या सूचना-पानावर दिलेली सहीची किल्ली त्यात उतरवा.
३. त्याच पानावरची रिपॉझिटरीची ओळ 'एपीटी' फोल्डरातल्याच 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' मध्ये नव्या फाइलीत लिहा. ओळीतल्या 'साइन्ड-बाय' पुढचा पत्ता आणि किल्लीचा खरा पत्ता जुळलाच पाहिजे. नाहीतर अपडेट करताना सही तपासता आली नाही अशी तक्रार येते.
४. तिथल्याच 'प्रेफरन्सेस डॉट डी' मध्ये 'मोझिला' नावाची फाइल करा. तीन ओळी: पॅकेज म्हणून ताऱ्याचे चिन्ह (*), पिन म्हणून मोझिलाच्या रिपॉझिटरीचे मूळ ठिकाण, आणि पिन-प्रायॉरिटी १०००.
५. 'एपीटी अपडेट', मग फायरफॉक्स इन्स्टॉल. सगळे नीट चालते हे पाहिल्यावरच स्नॅप काढा.

चौथी पायरी लोक गाळतात आणि मग स्नॅप परत का आले म्हणून चक्रावतात. उबुंटूच्या त्या रिकाम्या पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक '१ कोलन' असा सुरू होतो. कोलनच्या आधीचा आकडा बाकी सगळ्यांवर मात करतो, त्यामुळे एपीटीच्या लेखी मोझिलाचा खरा, ताजा फायरफॉक्सही जुनाच ठरतो. प्रायॉरिटी १००० असली की एपीटी आवृत्ती 'खाली' जात असतानाही सांगितलेलाच स्रोत घेतो. लिनक्स मिंटवर हा खटाटोप नको. तिथे फायरफॉक्स डेब म्हणूनच येतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ईएसआर (लांब पल्ल्याचा फायरफॉक्स) मिळतो: वर्षभर नवी वैशिष्ट्ये जवळजवळ नाहीत, फक्त सुरक्षेची दुरुस्ती. बहुतेकांना तो पुरतो.

स्नॅप ठेवायचे ठरवले तर एवढे लक्षात असू द्या की ते दिवसातून चार वेळा अपडेट तपासते, आणि ब्राउझर उघडा असेल तर तो बंद करण्याची सूचना दाखवत राहते. ब्राउझर आठवडेच्या आठवडे उघडा ठेवण्याची सवय असलेल्याला याचा वैताग येतो.

कोणता ब्राउझर

नावे पुष्कळ असली तरी इंजिने (वेब पान वाचून पडद्यावर उमटवणारा गाभा) तीनच आहेत. गेको फायरफॉक्सच्या कुळात, ब्लिंक क्रोम, क्रोमियम (क्रोमचे मुक्त-स्रोत मूळ), ब्रेव्ह, विवाल्डी, एज यांच्यात, आणि वेबकिट ग्नोम वेबमध्ये. गंमत अशी की ब्लिंक आणि वेबकिट दोघांचा पूर्वज लिनक्सच्या डेस्कटॉपवरच जन्मला: केडीईच्या कॉन्करर ब्राउझरमधले केएचटीएमएल. ॲपलने त्यातून वेबकिट घडवले आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटमधून ब्लिंक वेगळे काढले. केडीईचा आजचा छोटा ब्राउझर फाल्कनही ब्लिंकवरच चालतो. लेक सासरहून आडनाव बदलून माहेरी परतावी, तसे.

मुख्य ब्राउझर एक आणि अडेल साइटींसाठी दुसऱ्या इंजिनाचा एक, अशी जोडी ठेवणे सर्वांत सोयीचे. दोन्ही ब्लिंकचे ठेवण्यात अर्थ नाही. एकात जे मोडते ते दुसऱ्यातही मोडते.

जाहिराती अडवणे हा तुमच्यासाठी मोठा मुद्दा असेल तर मुख्य ब्राउझर फायरफॉक्स ठेवा. क्रोमने एक्स्टेंशनची जुनी रचना बंद करून मॅनिफेस्ट व्ही ३ सक्तीचे केले आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे पूर्ण ताकदीचे जाहिरातरोधक एक्स्टेंशन चालत नाही. त्याची हलकी, 'लाइट' आवृत्ती तेवढी चालते. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन चालू आहे. ब्रेव्ह क्रोमियमवरच उभा असला तरी त्याची जाहिरातरोधक यंत्रणा ब्राउझरमध्येच विणलेली आहे, एक्स्टेंशनवर अवलंबून नाही. टॅबांचा डोंगर सांभाळणाऱ्याने विवाल्डी पाहावा: टॅबांच्या चळती, बाजूची पट्टी, एकाच खिडकीत दोन पाने. अर्थात टॅबांची उभी पट्टी आता फायरफॉक्समध्येही मुळातच आहे, २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून.

डिस्ट्रोचा क्रोमियम घेताना दोन गोष्टी जातात. मार्च २०२१ पासून गूगलच्या सिंक सेवेचे दार त्याला बंद आहे, म्हणजे फोनवरच्या क्रोममधले बुकमार्क त्यात येणार नाहीत. शिवाय वाइडवाइन हा घटक त्यात सहसा नसतो, त्यामुळे पैसे भरून पाहायच्या चित्रपटसेवा चालत नाहीत. फायरफॉक्स अशा साइटवर परवानगी विचारतो आणि तो घटक स्वतः उतरवून घेतो.

लिब्रवुल्फ हा खासगीपणासाठी आवळून बसवलेला फायरफॉक्स. घेण्याआधी त्याचे दोन नियम माहीत हवेत. ब्राउझर बंद केला की कुकी पुसल्या जातात, म्हणून प्रत्येक वेळी लॉगिन नव्याने करावे लागते. आणि ओळख लपवण्यासाठी तो साइटींना तुमची खरी वेळ न सांगता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगतो, त्यामुळे वेब कॅलेंडरमधल्या भेटी काही तास सरकलेल्या दिसतात. अनेकजण हा दोष कॅलेंडरचा समजतात.

प्रोफाइल: तुमचा ब्राउझर खरे तर एक फोल्डर आहे

बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, एक्स्टेंशन, सगळे एका फोल्डरमध्ये असते. ब्राउझर म्हणजे ते फोल्डर वाचणारा प्रोग्राम. डेब किंवा आरपीएमचा फायरफॉक्स ते पूर्वापार होममधल्या 'डॉट मोझिला' मध्ये ठेवत आला आहे, स्नॅप स्वतःच्या 'स्नॅप' फोल्डरमध्ये आणि फ्लॅटपॅक 'डॉट व्हार' मध्ये. पत्ते पाठ करण्याची गरज नाही, ते आवृत्तीनुसार बदलूही शकतात. 'अबाउट कोलन सपोर्ट' मध्ये 'प्रोफाइल डिरेक्टरी'समोर 'ओपन' हे बटण आहे. दाबले की नेमके तेच फोल्डर उघडते. क्रोमच्या कुळात 'क्रोम कोलन दोन तिरप्या रेघा व्हर्जन' या पानावर 'प्रोफाइल पाथ' दिसतो.

स्नॅपवरून डेबवर गेल्यावर बुकमार्क 'उडतात' ते यामुळेच. ते उडालेले नसतात, नवा ब्राउझर नव्या रिकाम्या फोल्डरकडे पाहत असतो. फायरफॉक्स ६७ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रत्येक वेगळ्या बसवणीला आपोआप वेगळे प्रोफाइल मिळते.

हलवण्याची पद्धत अशी. जुन्या फायरफॉक्समधून प्रोफाइलचे फोल्डर उघडून ठेवा आणि मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा. खिडकी बंद करणे पुरेसे नसते. मेनूमधून 'क्विट' करा. चालू ब्राउझरमध्ये ताजा मजकूर मुख्य फाइलीत न जाता शेजारच्या 'वॉल' अशा शेपटाच्या फाइलीत पडून असतो, आणि तेव्हा केलेली प्रत अर्धवट निघते. आता नवा फायरफॉक्स उघडा, पत्तापट्टीत 'अबाउट कोलन प्रोफाइल्स' लिहा, 'क्रिएट अ न्यू प्रोफाइल' दाबून नाव द्या, त्याच्या 'रूट डिरेक्टरी'समोरचे बटण दाबून फोल्डर उघडा. हाही फायरफॉक्स बंद करा. जुन्या फोल्डरमधला सगळा मजकूर नव्यात टाका. जुने फोल्डरच नव्याच्या आत टाकू नका, ही चूक फार होते. परत सुरू करा, त्याच पानावरून हे प्रोफाइल 'डीफॉल्ट' करा.

कॉपी करताना 'लॉक' आणि 'डॉट पेरेंटलॉक' या दोन फाइली वगळा. त्या राहिल्या तर कधी कधी 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' असा संदेश येऊन काहीच उघडत नाही. आणि नवा फायरफॉक्स जुन्यापेक्षा खालच्या आवृत्तीचा असेल, उदाहरणार्थ नेहमीच्या फायरफॉक्सवरून ईएसआरवर उतरताना, तर तो हे प्रोफाइल घ्यायला नकार देतो. 'अलाऊ डाउनग्रेड' हा पर्याय देऊन जबरदस्ती करता येते, पण डेटाबेसची रचना बदललेली असेल तर प्रोफाइल बिघडू शकते. त्यापेक्षा नव्या प्रोफाइलमध्ये निवडक फाइलीच न्या: बुकमार्क आणि इतिहासासाठी 'प्लेसेस', साइटींच्या चिन्हांसाठी 'फेविकॉन्स', फॉर्ममधल्या नोंदींसाठी 'फॉर्महिस्टरी', आणि पासवर्डसाठी 'लॉगिन्स डॉट जेसन' व 'की४ डॉट डीबी'. या शेवटच्या दोन फाइली जोडीनेच न्यायच्या. पहिलीत कुलूपबंद पासवर्ड असतात, दुसरीत किल्ली. एकच नेली तर पासवर्डची यादी रिकामी दिसते. यातूनच हेही कळते की 'प्रायमरी पासवर्ड' लावलेला नसेल तर या दोन फाइली उचलणारा कोणीही तुमचे सगळे पासवर्ड वाचू शकतो. सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये तो आजच लावा.

बारीक सेटिंग्ज आणि 'यूजर डॉट जेएस'

'अबाउट कोलन कॉन्फिग' मध्ये हजारो सेटिंग्ज आहेत. इंटरनेटवरून शंभर ओळींची यादी उचलून चिकटवण्याने फायद्यापेक्षा मोडतोड जास्त. हाताशी ठेवण्याजोग्या मोजक्याच आहेत. शोधपट्टीत 'क्लोजविंडोविथलास्टटॅब' लिहा आणि जी सेटिंग येईल ती 'फॉल्स' करा: शेवटचा टॅब बंद केल्यावर अख्खी खिडकी बंद होणे थांबते. 'मिडलमाउस डॉट पेस्ट' फॉल्स केली की माऊसच्या चाकाचा चुकून दाबलेला क्लिक फॉर्ममध्ये भलताच मजकूर चिकटवत नाही. लिनक्समध्ये निवडलेला मजकूर कॉपी न करताही मधल्या बटणाने चिकटतो, त्याचा हा उपद्रव. 'जनरल डॉट ऑटोस्क्रोल' ट्रू केली की मधले बटण दाबून पान सरकवण्याची विंडोजची सवय परत मिळते. प्लाझ्मावर फाइल निवडायची खिडकी ग्नोमच्या धाटणीची येत असेल तर 'एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल डॉट फाइल-पिकर' शोधा आणि १ करा. केडीईची स्वतःची खिडकी येते.

केलेले बदल 'प्रेफ्स डॉट जेएस' मध्ये जातात. ही फाइल ब्राउझर स्वतः परत परत लिहितो, म्हणून तिला हाताने हात लावू नये. आपल्या पसंतीच्या ओळींसाठी प्रोफाइलमध्ये 'यूजर डॉट जेएस' नावाची नवी फाइल बनवा. ओळ कशी लिहायची हे शोधत बसण्याची गरज नाही: 'प्रेफ्स' फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, बदललेल्या सेटिंग्जच्या ओळी जशाच्या तशा 'यूजर'मध्ये उतरवा, दोन्हींची भाषा एकच आहे. फायरफॉक्स दर वेळी सुरू होताना ही फाइल वाचतो. मात्र इथली ओळ नुसती खोडल्याने सेटिंग मूळपदावर येत नाही, कारण तोवर ती 'प्रेफ्स'मध्ये उतरलेली असते. कॉन्फिग पानावर जाऊन तिच्यासमोरचा उलट्या बाणाचा रीसेट दाबावा लागतो.

पानांवरची देवनागरी अक्षरे बारीक किंवा बेढब दिसत असतील तर सेटिंग्जमध्ये 'फाँट्स'च्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत वर 'देवनागरी' निवडा, नोटो सान्स देवनागरी लावा आणि किमान आकार १४ करा. ही निवड प्रत्येक लिपीसाठी वेगळी असते. लॅटिनचा आकार वाढवून देवनागरी वाढत नाही.

क्रोमच्या कुळातली तिजोरी

क्रोम, क्रोमियम, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे लिनक्सवर पासवर्ड आणि कुकी कुलूपबंद ठेवतात आणि त्या कुलपाची किल्ली डेस्कटॉपच्या तिजोरीत टाकतात. प्लाझ्मावर ती तिजोरी केवॉलेट, ग्नोम आणि सिनॅमनवर ग्नोम कीरिंग. डेस्कटॉप बदलला की ब्राउझर दुसऱ्या तिजोरीत किल्ली शोधतो, सापडत नाही, आणि सगळीकडून लॉगआउट झालेले, पासवर्ड नाहीसे झालेले दिसतात. म्हणूनच डेस्कटॉप बदलण्याआधी पासवर्ड सीएसव्ही फाइलीत निर्यात करा, पलीकडे आयात करा आणि फाइल लगेच पुसा. तिच्यात सगळे उघडे लिहिलेले असते. घाई झाली असेल तर जुन्या डेस्कटॉपमध्ये परत लॉगिन करा. किल्ली तिथेच असते.

नेहमीची दुसरी तक्रार: मशीन सुरू करून क्रोम उघडला की कीरिंगचा पासवर्ड विचारला जातो. स्वयंचलित लॉगिन चालू असताना हे होते. तुम्ही पासवर्ड टाकलाच नाही, तर तिजोरी उघडणार कशी? स्वयंचलित लॉगिन बंद करणे हा सरळ उपाय. 'पासवर्ड्स अँड कीज' या प्रोग्राममधून कीरिंगचा पासवर्ड रिकामा करता येतो, पण मग तिजोरी उघडीच राहते.

लिंक कोण उघडणार

ब्राउझरचे रूप बदलले की त्याच्या मेनूतल्या नोंदीचे, म्हणजे 'डॉट डेस्कटॉप' फाइलीचे नाव बदलते. डेबचे साधे 'फायरफॉक्स', स्नॅपचे 'फायरफॉक्स अंडरस्कोर फायरफॉक्स', फ्लॅटपॅकचे 'ओआरजी डॉट मोझिला डॉट फायरफॉक्स'. डीफॉल्टची नोंद मात्र 'डॉट कॉन्फिग' मधल्या 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलीत जुन्याच नावाने उरते, आणि मेलमधली लिंक दाबल्यावर सामसूम. आधी सेटिंग्जमधल्या 'डीफॉल्ट ॲप्स' मधून ब्राउझर नव्याने निवडा. तरीही न सुधारल्यास ती फाइल उघडा आणि एचटीटीपी, एचटीटीपीएस व टेक्स्ट-एचटीएमएल या तीन ओळींत कोणते नाव आहे ते पाहा. त्याच फोल्डरात 'ग्नोम' किंवा 'केडीई' हा शब्द आधी जोडलेली याच नावाची आणखी एखादी फाइल सापडली तर तिचे म्हणणे आधी ऐकले जाते.

अस्पष्ट अक्षरे, तापणारा लॅपटॉप

स्क्रीन १२५ टक्क्यांवर ठेवल्यावर फक्त ब्राउझरच धूसर दिसत असेल तर तो बहुधा वेलँडवर (खिडक्या पडद्यावर काढणारी नवी व्यवस्था) थेट न चालता जुन्या एक्स११ च्या मध्यस्थीने चालतो आहे. फायरफॉक्सच्या सपोर्ट पानावर 'विंडो प्रोटोकॉल' पाहा. 'वेलँड' असायला हवे. १२१ व्या आवृत्तीपासून ते मुळातच तसे असते, तेव्हा 'एक्सवेलँड' दिसले तर कधीतरी पर्यावरण-चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) घातलेली जुनी युक्ती अजून तिथे आहे का ते तपासा. क्रोमियमच्या 'फ्लॅग्ज' पानावर 'प्रिफर्ड ओझोन प्लॅटफॉर्म' दिसत असेल तर 'ऑटो' निवडा.

व्हिडिओ पाहताना पंखा जोरात फिरू लागला तर सपोर्ट पानाच्या 'मीडिया' भागात कोडेकचा (व्हिडिओ उलगडण्याच्या पद्धतींचा) तक्ता आहे. एच२६४ समोर हार्डवेअरच्या रकान्यात नकार असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आहे. फेडोरात हे हमखास घडते, कारण पेटंटच्या कारणाने काही कोडेक मूळ पॅकेजांतून वगळलेले असतात. आरपीएम फ्यूजन रिपॉझिटरी जोडून तिथले पूर्ण एफएफएमपेग (व्हिडिओ उलगडणारा संच) घ्यावे लागते, आणि एएमडी ग्राफिक्स असल्यास मेसाची (ग्राफिक्स ड्रायव्हरांची) 'फ्रीवर्ल्ड' पॅकेजेही.

बाकीची हत्यारे

इथे वाद घालण्यासारखे कमी. व्हिडिओसाठी व्हीएलसी सगळे चालवतो. एमपीव्ही हलका आहे, पण त्यात हार्डवेअरची मदत मुळात बंद असते. त्याच्या कॉन्फ फाइलीत 'एचडब्ल्यूडेक बरोबर ऑटो-सेफ' ही एक ओळ घाला. पीडीएफवर खुणा करायच्या तर ओक्युलर, मग डेस्कटॉप कोणताही असो. फाइल मॅनेजर डेस्कटॉपचाच ठेवा; डॉल्फिनमध्ये एफ३ दाबून खिडकी दुभागते, आणि थुनारमधले एकगठ्ठा नाव बदलण्याचे साधन फार उपयोगी आहे.

लिबरऑफिसमध्ये बाहेरून आलेल्या कागदाची पाने सरकतात, ते बहुतेकदा फाँट नसल्यामुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलॅडिया आणि एरियल, टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फाँट बसवा. अक्षरांची रुंदी जुळली की ओळी जागेवर येतात. लिबरऑफिस सुरू होतानाच कोसळू लागले तर 'डॉट कॉन्फिग' मधल्या लिबरऑफिस फोल्डरात '४' नावाचे फोल्डर आहे (आवृत्ती कितीही पुढची असली तरी ४च), त्यातल्या 'यूजर' फोल्डरचे नाव बदलून पाहा. नवे कोरे तयार होते, जुने हाताशी राहते.

बॅकअप

टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो सिस्टिमच्या प्रती ठेवतो. होम फोल्डर मुळात वगळतो, आणि वर सांगितलेले सारे काही होममध्येच आहे. डेजा डुप किंवा बॅक इन टाइमने होमची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. लपलेली फोल्डरे गाळू नका, मात्र 'डॉट कॅश' वगळा: तिथे फुकट भार असतो. फ्लॅटपॅक वापरत असाल तर 'डॉट व्हार', स्नॅप वापरत असाल तर 'स्नॅप' फोल्डर यादीत आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

ग्नोमच्या सेटिंग्ज साध्या मजकुरात नसून 'डीकॉन्फ' या एका बायनरी फाइलीत असतात. 'डीकॉन्फ डंप' या कमांडने त्या वाचता येईल अशा फाइलीत काढा आणि नव्या मशीनवर 'डीकॉन्फ लोड'ने भरा. सगळे एकदम भरण्याऐवजी कीबोर्ड शॉर्टकट, टर्मिनल असे भाग वेगळे काढले तर आवृत्ती बदलली तरी अडचण येत नाही. प्लाझ्मात शॉर्टकट 'केग्लोबलशॉर्टकट्सआरसी' मध्ये आणि खिडक्यांचे वागणे 'केविनआरसी' मध्ये असते. एक्सएफसीईच्या फाइली बदलताना त्याच सेशनमध्ये लॉगिन असू नये: पार्श्वभूमीवर चालणारी सेवा मेमरीतल्या जुन्या सेटिंग्ज त्यावर पुन्हा लिहून टाकते. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून कन्सोलवर जा, तिथून फाइली परत टाका आणि मगच लॉगिन करा.

प्रत घेतली त्याच दिवशी एक चाचणी वापरकर्ता बनवा, त्याच्या होममध्ये ब्राउझरचे प्रोफाइल परत ठेवा, फोल्डरची मालकी 'चोन' (चेंज ओनर) कमांडने त्याच्या नावावर करा आणि ब्राउझर उघडा. मालकी बदलायची राहिली तर ब्राउझर प्रोफाइल सापडत नाही किंवा वापरता येत नाही असे सांगून थांबतो, आणि दोष बॅकअपचा वाटतो. बुकमार्क दिसले, एखाद्या साइटचा पासवर्ड आपोआप भरला गेला, की चाचणी वापरकर्ता फाइलींसकट काढून टाका.